गर्दीला बरकत समजू नका

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या मध्य प्रदेशातल्या आमच्या पट्ट्यात मंदीचं नाव काढलं की एक ठरावीक उत्तर मिळतं. मंदी कुठे आहे? रस्त्यावर उभं राहून मोटारसायकली मोजा. सराफाच्या दुकानात बसायला जागा नसते. लग्नाचे मांडव पूर्वीपेक्षा मोठे झाले. पोरापोरांच्या हातात मोबाईल आहे. शेतकरी सांगतो, मजूर मिळत नाहीत. लाडली बहना योजनेचे पैसे दर महिन्याला बायकांच्या खात्यात पडतात. शिवाय 2024-25 मध्ये देशाची अर्थव्यवस्था साडेसहा टक्क्यांनी वाढली, असं सरकारी आकड्यांनीच सांगितलं. मग रडायचं कशाला?

असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना जे दिसतं ते खरंच तिथे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्याच माणसाला मोजावी लागते. मंदी नाहीच असं एकदा ठरलं की किस्त चुकलेली बाई बेजबाबदार ठरते, नागपूरला बिगारीवर जाणारा पदवीधर नालायक ठरतो आणि पडत्या भावात कापूस विकणारा शेतकरी अडाणी ठरतो. म्हणून या प्रत्येक पुराव्याला एकेक करून उत्तर देणं भाग आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. मंदीत बाजार लगेच ओस पडत नाही. माणसांना जेवावं लागतं, कामावर जावं लागतं, पोरी उजवाव्या लागतात, म्हणून खरेदी चालूच राहते. बदलते ती खरेदीची रीत. किती घेतलं, कशाच्या बदल्यात काय घेतलं आणि पैसा कुठून आणला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय गर्दीवरून काहीही सिद्ध होत नाही.

आधी किराणा दुकान घ्या. हातात पगार किंवा पिकाचा पैसा असलेलं घर महिन्याचं सामान एकदम भरतं. तेलाचा डबा, पाच किलो साखर, चायपत्तीचं मोठं पाकीट. पैसा रोजचा झाला की सामानही रोजचं होतं. पावभर खुलं तेल, दहा रुपयांची पत्ती, एका रुपयाची शाम्पूची पुडी. महिन्यातून एकदा येणारं गिऱ्हाईक आता रोज संध्याकाळी दुकानापुढे उभं असतं. गल्ला तेवढाच राहिला किंवा घटला तरी दुकानासमोरची माणसं वाढतात. गर्दीला तेजीचा पुरावा मानणाऱ्यांनी याचा विचार करावा, कारण हीच गर्दी घरातल्या चणचणीतून उभी राहिलेली असू शकते. खरं काय ते दुकानदाराला विचारा. त्याची उधारीची वही कोणत्याही अर्थतज्ज्ञापेक्षा आधी बोलते. कोणाचं खातं महिन्याच्या महिन्याला मिटतं, कोणाचं पीक निघेपर्यंत लांबतं आणि कोणाचं पीक निघाल्यावरही मिटत नाही, हे सगळं तिच्यात असतं.

आठवडी बाजारातही हेच पाहायला मिळतं. भाजी सकाळी घेणारा आणि दिवस मावळताना, विकणारीला उरलेला माल परत न्यायचा नसतो तेव्हा घेणारा, ही दोन वेगळ्या ऐपतीची माणसं असतात. संध्याकाळची रांग लांबली तर बाजार भरलेला दिसतो. भाजीवालीला मात्र तेवढ्याच ढिगाचे कमी पैसे मिळतात, आणि तीही कुठल्यातरी घरची गिऱ्हाईकच असते.

ही केवळ गावगप्पा नाही. ऑगस्ट 2019 मध्ये ब्रिटानियासारख्या कंपनीच्या प्रमुखाने उघडपणे सांगितलं होतं की लोक पाच रुपयांची वस्तू घेतानाही दोनदा विचार करू लागले आहेत. बिस्किटांवर तेव्हा 18 टक्के जीएसटी होता. तो 5 टक्क्यांवर यायला 22 सप्टेंबर 2025 उजाडावं लागलं. मधल्या काळात पुड्याची किंमत पाच रुपयेच ठेवून आतलं वजन कमी होत गेलं. पुडा विकला गेला, हिशेबात आला आणि पोराच्या हातात दोन बिस्किटं कमी पडली. खप टिकला असं म्हणणाऱ्याने ती बिस्किटंही मोजावीत.

स्वयंपाकघरातही डोकवा. उज्ज्वला योजनेने 2016 पासून गरीब घरांत गॅस पोचवला, ही मोठीच गोष्ट झाली. पण 2023-24 मध्ये देशभरच्या उज्ज्वला लाभार्थींनी वर्षाला सरासरी चार टाक्याही पुऱ्या घेतल्या नाहीत. चार माणसांच्या घराला एक टाकी महिना-दीड महिना पुरते. मग उरलेले महिने चूल कशावर पेटते? टाकी घरात आहे, एवढ्यावरून सुबत्ता ठरवणारा माणूस त्या चुलीकडे पाहतच नाही.

आता मोटारसायकली. लोधीखेड्याहून सौंसरला, बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात, सावनेरला, नागपूरला कामावर जाणाऱ्यांना गाडी लागतेच. इथून जाणारी नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज गाडी 2015 च्या अखेरीस रुळ रुंदीकरणासाठी बंद झाली आणि पूर्ण मार्गावर ब्रॉडगेज गाडी धावायला कित्येक वर्षं गेली. त्या काळात भाजीवाले, दूधवाले, शिकणारी पोरं, बिगारीवर जाणारे, सगळ्यांचा स्वस्त प्रवास संपला. बसचं भाडं नाहीतर स्वतःची गाडी, एवढाच पर्याय राहिला. गावात काम असतं तर रोज साठेक किलोमीटर जाण्यासाठी कोणी हप्त्यावर गाडी घेतली नसती. पेट्रोल आणि हप्ता वजा केल्यावर मजुरीतलं किती घरात येतं, हे त्या गाडीवाल्याला विचारावं. मोबाईलचंही तेच. ठेकेदार कामाचा निरोप मोबाईलवरच देतो. ज्याचा रिचार्ज संपला त्याचं कामही गेलं. कुदळ जशी चैनीची वस्तू नाही तसा हा फोनही नाही.

सराफाच्या दुकानातल्या गर्दीचं उत्तर मात्र सविस्तर दिलं पाहिजे, कारण सगळ्यात फसवा पुरावा तोच आहे. एप्रिल 2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाला टेकला आणि पुढे चढतच गेला. या भावात शेतमजुराच्या घरी सोनं खरेदी होत असेल, असं मानायला मोठं धाडस लागतं. दुकानात येणारा प्रत्येक माणूस विकत घ्यायला येत नाही. कोणी मोडायला येतो, कोणी गहाण ठेवायला, कोणी जुनं देऊन हलकं घ्यायला. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार बँकांनी दागिन्यांच्या तारणावर दिलेली कर्जं मार्च 2024 मध्ये सुमारे एक लाख कोटी रुपये होती, ती मार्च 2025 मध्ये दोन लाख कोटींवर गेली. एका वर्षात दुप्पट. यातला काही भाग कर्जांच्या वर्गवारीतल्या बदलामुळे वाढला आणि सोनं महागल्याने तेवढ्याच दागिन्यावर जास्त रक्कम मिळू लागली, हेही खरं. पण ते सगळं वजा करूनही एवढं उरतं की लोकांनी घरातलं शेवटचं धन तारणावर ठेवलं. खासगी गहाणवट तर या आकड्यांत येतच नाही. पाटल्या, डोरलं, एकदाणी या वस्तू आपल्याकडे बाईच्या हक्काच्या असतात. त्या कपाटातून बाहेर येतात तेव्हा घरातले बाकीचे सगळे मार्ग संपलेले असतात. म्हणून सराफाकडे किती जण गेले यापेक्षा काय घेऊन गेले आणि काय घेऊन परतले, हे विचारणं खरं.

लग्नांबद्दल फार बोलायची गरज नाही. मांडव मोठा झाला म्हणजे ऐपत वाढली, असं ज्याला वाटतं त्याने लग्नानंतर दोन वर्षांनी त्या घराच्या जमिनीचा खसरा आणि बँकेचं खातं पाहावं. लोकलाजेने केलेला खर्च उत्पन्नाचा दाखला ठरत नाही.

मजूर मिळत नाहीत, हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्रामाणिक शेतकऱ्यांकडून येतो. कापूस वेचणीला एकदमच सगळ्यांना माणसं हवी असतात, तेव्हा टंचाई भासते. ती त्या दिवसांची असते. वर्षभराच्या कामाबद्दल तिच्यावरून काही ठरत नाही. वेचणी संपली की तेच हात रिकामे होतात. देशपातळीवर सरकारी श्रमबल सर्वेक्षण सांगतं की शेतीवर असलेल्या कामकऱ्यांचं प्रमाण 2018-19 मध्ये 42.5 टक्के होतं आणि 2023-24 मध्ये ते 46.1 टक्के झालं. वाढत्या अर्थव्यवस्थेत माणसं शेतीतून बाहेर पडतात. आपल्याकडे ती परत आली, कारण बाहेर टिकाऊ काम मिळालं नाही. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज यांनी 2023 मध्ये कामगार खात्याच्याच आकड्यांवरून दाखवून दिलं की 2014-15 ते 2021-22 या काळात महागाई वजा केल्यावर शेतमजुरीची वाढ वर्षाला एक टक्काही नव्हती आणि बांधकामाची मजुरी तर जागची हललीच नाही. मजुरांची खरी टंचाई असती तर मजुरी वाढली असती. हा बाजाराचा साधा नियम आहे आणि मंदी नाकारणाऱ्यांनी तो स्वतःच्या सोयीनुसार विसरू नये.

आमच्या सीमेवर तर हा हिशेब उघड्यावरच मांडलेला आहे. 2025-26 साठी मनरेगाची मजुरी मध्य प्रदेशात दिवसाला 261 रुपये होती आणि लोधीखेड्यापासून हाकेच्या अंतरावर, सीमेपलीकडे महाराष्ट्रात 312. एकच भाषा, एकच ऊन, एकच कुदळ आणि दिवसाला 51 रुपयांचा फरक. मग सकाळच्या पहिल्या बसने माणसं दक्षिणेकडे गेली तर त्यांना कामचुकार कोणत्या तोंडाने म्हणायचं?

लाडली बहनाच्या पैशांना मी कमी लेखत नाही. 2023 मध्ये हजार रुपयांनी सुरू झालेली मदत साडेबाराशे झाली आणि नोव्हेंबर 2025 पासून पंधराशे. अनेक घरांत बाईच्या नावाने नियमित येणारा तोच एक पैसा आहे आणि त्याने गावोगावची किराणा दुकानंही तगवली. पण मदतीची गरज पडणं हे सुबत्तेचं लक्षण कसं मानायचं? त्यातच हा पैसा किती वेळ हातात राहतो, तेही पाहा. सूक्ष्म कर्जाच्या गटाची किस्त ठरल्या दिवशी भरावी लागते. एका कंपनीची किस्त भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज, दुसरीची भरायला तिसरीचं, अशी साखळी देशभर एवढी वाढली की सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्थांना स्वतःवर मर्यादा घालून घ्यावी लागली. 2025-26 पासून एका कर्जदार बाईला तीनपेक्षा जास्त संस्थांनी कर्ज देऊ नये, असं त्यांनी ठरवलं. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच नियम केला होता की घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत. हा नियम पाळायचा तर घराचं उत्पन्न नीट विचारून लिहावं लागतं. कापसाचं घर महिन्याला किती कमावतं, याचं उत्तर काय लिहायचं? बारा महिन्यांतले आठ महिने तिथे जवळजवळ काहीच येत नाही आणि किस्त मात्र बारा महिने असते.

हे सगळं येतं कुठून? आमच्या पट्ट्यात पैसा दोन पिकांतून फिरतो, कापूस आणि संत्रा. ती पडली की कापडवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे पडतात. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये आणि लांब धाग्याचा 8,110 रुपये क्विंटल जाहीर झाला. तो हातात पडायला सरकारी खरेदी केंद्र लागतं, नोंदणी लागते आणि कापसातला ओलावा 8 ते 12 टक्क्यांच्या आत लागतो. दिवाळीच्या आधी पहिल्या वेचणीचा कापूस ओला असतो आणि पैशाची गरज तेव्हाच सगळ्यात जास्त असते. म्हणून तो खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो. त्यातच 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं गेलं आणि ही सूट वर्षअखेरपर्यंत वाढवली गेली, म्हणजे नेमका आमचा कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत. अमेरिकेच्या 50 टक्के शुल्कामुळे अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला दिलासा हवा होता, हे मान्य. तो दिलासा कापूस उत्पादकाच्या भावातून का काढला, याचं उत्तर कोणी देत नाही.

संत्र्याची गोष्टही तशीच. नागपुरी संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश होता. त्याने आयात शुल्क वर्षागणिक वाढवत 2019 मधल्या किलोमागे 20 बांगलादेशी टक्यांवरून 2023 मध्ये 88 टक्यांवर नेलं. निर्यात आटली, तो माल देशातल्याच बाजारात ओतला गेला आणि आंबिया बहाराच्या ऐन तोडणीत भाव कोसळले. झाडावरच्या उभ्या बगीच्याचा सौदा करणारा व्यापारी अशा वेळी इसार सोडून निघून जातो किंवा भाव तोडून मागतो. फळ झाडावर थांबत नाही. शेतकऱ्याला मान तुकवावी लागते. महाराष्ट्राने 2023 मध्ये आपल्या निर्यातदारांसाठी या शुल्काच्या निम्म्या भरपाईची घोषणा केली. पण महाराष्ट्रातल्या वरूडचा संत्रा आणि सौंसरचा संत्रा एकाच मंडीत एकाच भावाने विकला जातो, हे कोणत्याही सरकारच्या कागदावर नसतं. बगीच्याचा पैसा बुडाला की त्या वर्षी बोअर होत नाही, घरावर छत चढत नाही, सालदाराची उचल होत नाही आणि पोराची कॉलेजची फी पुढच्या वर्षावर ढकलली जाते. मंदी आमच्या गल्लीत शिरते ती या वाटेने.

आता शेवटचा आणि सगळ्यात मोठा आक्षेप, साडेसहा टक्क्यांचा. आकडा खोटा आहे, असं मी म्हणत नाही. तो देशाचा आहे, लोधीखेड्याचा नाही. लोधीखेड्याची शेवटची शिरगणती 2011 ची. पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर 2023 मध्ये जन्मला. त्याआधी आमचा हिशेब छिंदवाड्याच्या कोळसा खाणी आणि मक्याच्या हिशेबातच मिसळून जात असे. असंघटित धंद्यांचं सर्वेक्षण 2015-16 नंतर थेट 2021-22 मध्ये झालं. नोटाबंदी, जीएसटी आणि टाळेबंदी हे तिन्ही घाव याच मधल्या काळात बसले आणि सर्वेक्षण झालं तेव्हा त्या धंद्यांतली कामं 11 कोटींवरून 10 कोटींच्या खाली आलेली होती. पुढे ती सावरली. पण ती जात होती त्या वर्षांत ते जाणं कोणत्याही सरकारी तक्त्यात दिसलं नाही. किराणावाल्याच्या वहीत ते दिसत होतं. अशा वेळी लहान खुणांना पुरावा मानायचं नाही, तर दुसरा पुरावा आणायचा कुठून?

आणि रोजच्या जगण्यावरून अर्थशास्त्र करणं ही काही अडाण्यांची रीत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये देशातलं दारिद्र्य मोजलं ते माणसाच्या ताटापासून सुरुवात करून. रोज 2,250 उष्मांक मिळायला किती खर्च लागतो आणि तेवढा कोण करू शकतो, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर आलं की खेड्यातले चाळीस टक्के आणि शहरातले पन्नास टक्के लोक तेवढाही खर्च करू शकत नाहीत. त्या वेळीही देशाची अर्थव्यवस्था वाढतच होती.

दिसेल त्या खुणेला मंदी म्हणावं, असं मात्र माझं म्हणणं नाही. पोळ्याला बैलांच्या जोड्या कमी झाल्या, कारण ट्रॅक्टर आले. कापडाचं एखादं दुकान बंद पडलं, कारण गिऱ्हाईक मोबाईलवरून मागवू लागलं. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरांत लोधीखेड्याची ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांचं आणि सुती कापडाचं गाव अशी आहे. तो धंदा ओसरला तो काळाच्या लांब ओघात, एका-दोन मंद वर्षांत नव्हे. मंदीची खूण आणि काळाचा बदल यांत ही निवड केलीच पाहिजे. खरी खूण दोन्हीकडे हलते. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भागात सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण 2018 मध्ये 65.6 टक्के होतं, टाळेबंदीनंतर 2022 मध्ये 72.9 झालं आणि 2024 मध्ये पुन्हा 66.8 वर आलं. घरं अडचणीत आली तेव्हा पोरं खासगी शाळेतून निघाली, थोडी सावरली तेव्हा परत गेली. वाईट दिवस सांगणारी खूण चांगले दिवसही सांगते, म्हणूनच ती विश्वासाची.

मंदी मंदी म्हटल्याने मंदी येते, असाही एक उपदेश होतो. दुकानदाराने आपली उधारी बुडाली हे लपवलं तर ती वसूल होत नाही. उलट व्यापारी, बँक आणि सरकार यांच्यापैकी कोणीच वेळेवर हलत नाही. गप्प राहण्याचा फायदा ज्याचं चाललं आहे त्यालाच होतो.

म्हणून मागणी साधी आहे. या खुणांचे आकडे सरकारी आणि खासगी दफ्तरांत आधीच पडून आहेत. गॅस एजन्सीला माहीत आहे किती टाक्या भरल्या गेल्या. बँकांना माहीत आहे किती दागिने तारण आले. शाळांना दाखले माहीत आहेत, वीज कंपनीला थकबाकी, मंडीला आवक आणि भाव, पंचायतींना रोजगार हमीच्या कामाची मागणी. जिल्हा प्रशासनाने दर तिमाहीला हे आकडे तहसीलवार एका पानावर जाहीर करावेत. हमीभावाखाली किती कापूस विकला गेला, हे मंडीच्या फलकावर रोज लिहावं. सूक्ष्म कर्जाच्या किस्तींचं वेळापत्रक कापूस-संत्र्याच्या हंगामाशी जोडावं आणि निम्म्या उत्पन्नाचा नियम कागदावरून घरापर्यंत आणावा. संत्र्याच्या निर्यातीसाठीची मदत राज्याच्या सीमेवर थांबू नये, यासाठी दोन्ही राज्यांनी एकत्र बसावं. नवा जिल्हा मिळाला तो पाट्या बदलण्यासाठी मिळालेला नाही. आपल्या माणसांची अवस्था जवळून पाहता यावी, यासाठीच लहान जिल्हे करतात.

हे आकडे जाहीर झाल्यावर माझं म्हणणं चुकीचं निघालं, तर आनंदच आहे. पण ते जाहीर न करता, कोणालाही काही न विचारता, रस्त्यावरच्या मोटारसायकली मोजून मंदी नाकारणाऱ्यांना या पट्ट्यातल्या कष्टकऱ्यांना आळशी, उधळे किंवा रडके म्हणण्याचा अधिकार नाही.